झडतीतला बैल, नांगरापुढचा उंदीर आणि सुगरणीचा खोपा



या सदरात एरवी आपण बियाणे, खते, फवारणी आणि ढोरांचे आजार यांविषयी बोलत असतो. आज जरा वेगळी वाट धरू. आज कवितेविषयी बोलावयाचे आहे. कोणी म्हणेल, कृषी खात्याच्या माणसाला कवितेशी काय देणेघेणे? पण पोळा तोंडावर आला आहे. आपल्या वर्धा-नागपूरकडे पोळा आला म्हणजे झडती आलीच, आणि झडती ही कविताच आहे. ती शाळेच्या पुस्तकात नाही, पण तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की शे-दोनशे माणसांसमोर ती खड्या आवाजात म्हटली जाते आणि सारा गाव तिला 'हर हर महादेव' म्हणून साद देतो.

कवितेत जनावर येते, पाखरू येते, झाड येते, ते नुसते शोभेसाठी येत नाही. त्याच्या पाठीवर कवी माणसाचे सुखदुःख लादतो. हे ओझे कोणते, ते कितपत खरे, आणि त्यातून आपण कास्तकारांनी काय घ्यावे, एवढेच आज पाहू.

झडतीतला बैल

झडतीत बैलाचे कौतुक असते, महादेव-पार्वती असतात, नंदी असतो. पण तेवढेच नसते. कापसाचा भाव, सावकाराचे व्याज, फसलेला पाऊस, पुढाऱ्यांची आश्वासने, सारे काही झडतीत येते. वर्षभर जे पाटलासमोर किंवा साहेबासमोर बोलता येत नाही, ते त्या दिवशी बैलाच्या निमित्ताने बोलता येते, आणि कोणी रागावत नाही. म्हणजे झडतीतला बैल हा नुसता बैल राहत नाही. तो राबणारा, कमी बोलणारा, मानेवर जू घेऊन चालणारा कास्तकारच होतो. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-तूप लावून शेकावयाचे, त्याला जेवणाचे रीतसर आवतन द्यावयाचे, दुसऱ्या दिवशी झूल आणि बाशिंग चढवून त्याला घरी पाहुण्यासारखे ओवाळावयाचे, ही सारी रीत म्हणजे आपल्या स्वतःच्या कष्टांचाच मान आहे.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडाचा बैल ओढीत लेकरे दारोदार जातात आणि तीही झडत्या म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर नावाजलेला आहे. लेकरू लाकडी बैल ओढते तेव्हा त्याला ढोराची माया आणि बोलीची गोडी एकाच दोरीने शिकविली जाते.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत आणखी एक अभिमान आहे. गवळाऊ जातीची गुरे ही वर्धा जिल्ह्याची आणि आसपासच्या टापूची देणगी. पांढरा-करडा रंग, लांबट तोंड, हलके अंग आणि चपळ चाल. बंडीला जुंपली की वाटेत दम घेत नाहीत, असे जुने लोक सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. पण आज ट्रॅक्टर आला आणि गावोगावच्या जोड्या कमी झाल्या. तोरणाखाली पूर्वी जेवढ्या जोड्या उभ्या राहत, तेवढ्या आता बहुतेक गावांत राहत नाहीत. ट्रॅक्टर वाईट असे मी म्हणणार नाही. पण ज्या लेकराने बैल जुंपलेला पाहिला नाही, त्याला झडतीतले अर्धे शब्द कळणार नाहीत, हेही खरे.

सातासमुद्रापारचा कास्तकार कवी

असाच एक कास्तकार कवी इंग्लंडच्या उत्तरेला असलेल्या स्कॉटलंड देशात होऊन गेला. त्याचे नाव रॉबर्ट बर्न्स. जन्म १७५९ सालचा, मृत्यू १७९६ सालचा. अवघे सदतीस वर्षांचे आयुष्य. हा कोणी जमीनदार नव्हता. बाप दुसऱ्याची जमीन खंडाने करीत असे. जमीन हलकी आणि खंड भारी. मालकाशी खंडावरून कोर्टकचेरी झाली आणि त्या झिजेतच १७८४ साली बाप गेला. पोराने तर पंधराव्या वर्षापासून गड्याचे पूर्ण काम अंगावर घेतले होते. पुढे रॉबर्ट आणि त्याचा भाऊ गिल्बर्ट यांनी मॉसगील नावाच्या ठिकाणी खंडाने शेती केली. तीही फारशी पिकली नाही.

या माणसाने आपल्या गावच्या बोलीत कविता लिहिल्या. शहरी इंग्रजी त्याला येत होती, पण मनातले बोलावयाचे तर घरची बोलीच त्याला जवळची वाटली. १७८६ साली त्याचे पहिले पुस्तक निघाले आणि थोड्याच दिवसांत शहरातले विद्वानही त्याला डोक्यावर घेऊ लागले.

त्याची एक कविता वाचून तर आपल्या पोळ्याचीच आठवण व्हावी. नववर्षाच्या सकाळी एक म्हातारा शेतकरी आपल्या म्हाताऱ्या घोडीला मूठभर धान्याची कणसे चारतो आणि तिच्याशी बोलतो. ही घोडी सासऱ्याने लग्नात आंदण दिलेली. नवरी घरी आली ती हिच्याच पाठीवर बसून. त्याला एकोणतीस वर्षे होऊन गेली. आता त्याच्या नांगराला चालतात ती चार जनावरे हिच्याच पोटची, आणि सहा विकून संसार चालविला तोही हिच्याच जिवावर. म्हातारा तिला सांगतो की आता तू काम करू शकत नाहीस म्हणून तुला उपाशी ठेवीन असे मनात आणू नकोस, माझ्या शेवटच्या पायलीतला वाटा तुझा आहे. आपल्याकडे बैल, तिकडे घोडी, एवढाच काय तो फरक. जनावर हे घराच्या आयुष्याची वही असते, लग्न, बाळंतपण, सुकाळ, दुष्काळ सारे त्यात नोंदलेले असते, हे त्या म्हाताऱ्याने ओळखले होते.

नांगरापुढचा उंदीर

बर्न्सची जगभर गाजलेली कविता आहे ती मात्र उंदरावर. नोव्हेंबर १७८५. थंडीचे दिवस, वावर नांगरणे चालू. नांगराच्या फाळाने एका शेतातल्या उंदराचे बीळ उधळले. त्या इवल्या जिवाने काडी-काडी कुरतडून हिवाळ्यासाठी केलेले घर एका क्षणात गेले. बर्न्सच्या संगतीचा पोरगा काठी घेऊन त्याला मारावयास धावला आणि बर्न्सने त्याला थांबविले, असे सांगतात. मग त्याने उंदराशीच बोलणे केले. कणसांच्या एवढ्या मोठ्या ढिगातून तू एखादे कणीस नेलेस तर माझे काय गेले, असे तो म्हणतो. आणि शेवटी सांगतो की कितीही बेत करा, उंदराचे काय आणि माणसाचे काय, ते फसावयास वेळ लागत नाही. उलट तुझे बरे, तुला आजचेच दुःख आहे. मला मागचे आठवते आणि पुढचे दिसत नसूनही त्याचे भय वाटते.

आता हा उंदीर कोण, हे वेगळे सांगावयास नको. आदल्याच वर्षी ज्याचा बाप खंडाच्या भांडणात खचून गेला, ज्याच्या डोक्यावर स्वतःचे म्हणावे असे छप्पर नाही, त्या शेतकऱ्याला भर थंडीत घर गेलेला उंदीर दिसला तेव्हा त्याला स्वतःचेच घर दिसले. म्हणूनच ही कविता आजवर टिकली. अमेरिकेतील जॉन स्टाइनबेक या लेखकाने १९३७ साली दोन भटक्या शेतमजुरांवर कादंबरी लिहिली, तिचे नावही त्याने याच कवितेतून घेतले.

आपल्याला हे परके वाटावयाचे कारण नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या पऱ्हाटीची बोंडे आतून खाल्ली, तेव्हा मृगापासून केलेला सारा बेत दिवाळीनंतर मोडलेला आपण पाहिला आहे. फरक एवढाच की उंदराला सल्ला घ्यावयास कोणी नव्हते. आपल्याला शेजारी आहे, घरचे माणूस आहे, गावातला सहायक कृषी अधिकारी आहे, बँक आहे. बेत फसला तर एकट्याने मनात ठेवून बसू नका. पुढचे भय माणसाला एकटेपणी जेवढे खाते, तेवढे चारचौघांत खात नाही. हे मी कृषी अधिकारी म्हणून नाही, तर गावोगाव फिरलेला माणूस म्हणून सांगतो.

आता कोणी विचारील की मग उंदीर मारू नयेत काय? वावरातला आणि कोठीतला उंदीर आटोक्यात ठेवलाच पाहिजे. धुरे साफ ठेवा, कणग्या आणि पोती जमिनीपासून उंच ठेवा, बिळे बुजवा. कवितेतली दया आणि कोठीतली दक्षता एकाच घरात नांदू शकतात. आपण गणपतीच्या पायाशी उंदीर बसवितो आणि धान्याला झाकणही लावतो, तसेच हे.

बहिणाबाईंचे ढोर आणि पाखरू

बर्न्सच्या तोडीची कास्तकार कवयित्री आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली, ती बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली नागपंचमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड पाहिले नाही. तेराव्या वर्षी लग्न, ऐन उमेदीत वैधव्य, लेकरांचे आणि शेतीचे सारे ओझे अंगावर. लिहिता-वाचता येत नव्हते. पण जात्यावर, वावरात, चुलीपुढे त्यांना गाणी सुचत. तीही बर्न्ससारखी घरच्याच बोलीत.

त्यांच्या गाण्यांतले जनावर पाहा. माणसाचे मन आवरत नाही, हे सांगावयाला त्यांनी वेदान्त काढला नाही. त्यांनी दाखविले पिकात शिरलेले ढोर, कितीदा धुऱ्यापार हुसकले तरी पुन्हा हिरव्यावरच येणारे. हे ज्याने रात्री जागल केली आहे त्याला एका ओळीत कळते. पंडिताला कळावयास दहा पाने लागतील.

तशीच सुगरण. झाडाला टांगलेला तिचा खोपा, वाऱ्यावर झुलणारा, आत सुखाने निजलेली पिले. हाताची दहा बोटे असलेल्या माणसाने चोचीएवढ्या हत्याराने केलेली ही कारागिरी पाहावी आणि शिकावे, असा त्या गाण्याचा भाव. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला किंवा सिंदीच्या झाडाला असे खोपे टांगलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत.

येथे शेतकी शिकलेला माणूस म्हणून एक गंमत सांगितली पाहिजे. सुगरण हे नाव आपण बाईमाणसाला शोभेल असे ठेवले आहे, पण खोपा विणतो तो नर. पाऊस लागला की पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या आणि पात्यांच्या लांब चिंध्या फाडून आणतो, अर्धा खोपा विणतो आणि त्याला लोंबकळून पंख फडफडवीत मादीला बोलावितो. मादी येते, आत डोकावते, विणकाम तपासते. पसंत पडला तर राहते. नाही तर दुसऱ्याचा खोपा पाहावयास जाते. पसंती मिळाली की नर खोपा पुरा करतो. म्हणजे सुगरणपण आहे ते विणणाऱ्याचेही आणि पारखणाऱ्याचेही. यामुळे बहिणाबाईंचे गाणे खोटे ठरत नाही. त्यांना पाखराचा नर-मादी भेद सांगावयाचा नव्हता, त्यांना पिलांसाठी जीव टांगणारे घर सांगावयाचे होते, आणि ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आले होते. कवितेतले पाखरू मनाने पाहावे, वावरातले डोळ्यांनी. दोन्ही पाहिली म्हणजे माणूस शहाणा होतो.

पावसाची पाखरे

आपल्या विदर्भाला तर पावसाच्या कवितेचा मान फार जुना आहे. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो डोंगर म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्यातले रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी मांडले आहे. त्या काव्यात एक जागा अशी आहे की जी प्रत्येक कास्तकाराने ऐकावी. पीक ढगाच्या हाती आहे हे जाणून खेड्यातल्या बाया त्या ढगाकडे मायेच्या डोळ्यांनी पाहतात, आणि नुकत्या नांगरलेल्या जमिनीचा वास सुटतो. दीड हजार वर्षे होऊन गेली असतील, पण मृगाच्या तोंडी धुऱ्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या मायबहिणींचे डोळे आजही तेच आहेत.

पावसाबरोबर कवितेत येतो चातक. तो म्हणे जमिनीवरचे पाणी पीत नाही, आभाळातून पडणाऱ्या थेंबाचीच वाट पाहतो. वाट पाहणाऱ्या भक्ताची, विरहिणीची, कास्तकाराची ती खूण झाली. खरा चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो, सुरवंट खातो आणि सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. तो थेंबावर जगत नाही, पण पावसाची वर्दी देतो हे मात्र बरोबर.

दुसरा पावशा. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची हाक सुरू होते आणि आपल्याला ती 'पेरते व्हा' अशी ऐकू येते. हाक गोड आहे, ऐकावी आणि अवजारे तयार ठेवावीत. पण तिफण जुंपावी ती पावशाच्या सांगण्यावरून नाही आणि पहिल्या सरीवरूनही नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली ओली झाल्यावरच पेरा. घाईने पेरले आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीचा भुर्दंड पाखरू भरून देत नाही.

जिथे खूण घातक ठरते

सगळ्याच खुणा माणसाच्या हिताच्या असतात असे नाही. घुबड आपण अशुभ ठरविले. दिसले की दगड मारतो. पण गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर टिपते. पऱ्हाटी-तुरीच्या वावराला याहून स्वस्त राखणदार नाही. धामण दिसली की साप म्हणून ठेचतो. तिला विष नाही आणि उंदीर हेच तिचे मुख्य अन्न. नागपंचमीला आपण दूध ठेवतो. साप दूध पचवू शकत नाही. त्या दिवशी कोण्या गारुड्याच्या टोपलीतल्या उपाशी सापाला दूध पाजण्यापेक्षा वावरातली धामण जिवंत सोडणे हीच खरी पूजा. हरभऱ्यात आणि तुरीत काठ्यांचे पक्षीथांबे उभारले तर कोतवाल आणि साळुंकी त्यावर बसून घाटेअळ्या वेचतात. ज्ञानेश्वरांनी अंगणातल्या कावळ्याला पांडुरंगाच्या येण्याची वर्दी देणारा केला. त्या डोळ्याने पाहिले तर अपशकुनी पाखरू सहसा सापडत नाही.

पोळ्याआधी दोन कामे

पहिले काम गोठ्यातले. पोळ्याला जोड्या एकत्र येतात, म्हणून लम्पीची लस टोचली आहे की नाही हे आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. शिंगांना घरांच्या दारांचा तेलरंग लावू नका, हळद किंवा गेरू पुरे. पुरणपोळी प्रसादापुरतीच चारा. मायेपोटी टोपलीभर पोळ्या आणि ज्वारी चारली की पोटफुगी होते आणि सणाच्या रात्री डॉक्टर शोधावा लागतो. खांदा सुजला असेल तर त्याला मिरवणुकीतही जू देऊ नका. आणि घरात म्हातारा बैल असेल तर त्या स्कॉटलंडच्या म्हाताऱ्याप्रमाणे त्याचा वाटा आधी काढा.

दुसरे काम घरातले, आणि माझ्या मते ते जास्त निकडीचे आहे. बहिणाबाई १९५१ सालच्या डिसेंबरात वारल्या. त्यांची गाणी आज शाळेत शिकविली जातात आणि २०१८ सालापासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हे कशामुळे झाले? त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्या गात असताना काही गाणी कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. जी लिहिली गेली नाहीत ती गाणी त्यांच्याबरोबर गेली. वही नसती तर त्या जळगावकडच्या एका कष्टाळू म्हातारीपलीकडे कोणाला ठाऊकही झाल्या नसत्या.

तुमच्या घरात अशी आजी आहे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, निंदणाची गाणी येतात, आजोबांना झडत्या येतात. त्यांत कोणते जनावर कशासाठी आले, कोणत्या पाखराची हाक कशी ऐकली, कोणत्या गवताला काय नाव होते, हे सारे साठलेले आहे. जाते गेले, मोट गेली, आणि आता गाणारी माणसे चालली आहेत. एक शंभर पानी वही आणा. लेकराच्या हाती द्या. गाणे जसे म्हटले तसेच बोलीत उतरवा, शुद्ध करू नका. खाली म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि कोणत्या कामाच्या वेळी म्हणत ते लिहा. अडलेल्या शब्दाचा अर्थ तेव्हाच विचारून घ्या. हल्ली घरोघरी मोबाइल आहे, त्यात आवाज भरून ठेवा, पण वहीही करा. मोबाइल फुटतो, वही राहते.

पोळ्याची झडती या वर्षी ऐका तेव्हा कोणीतरी ती लिहून घेत आहे ना, एवढे पाहा.

पुढील अंकी तुरीच्या शेंडे खुडणीविषयी.